सेवेच्या वहीत तिचंही नाव हवं

एखाद्या बाईनं पंचवीस-तीस वर्षं देवाच्या घरी सतरंज्या घातल्या, आजाऱ्यांना डबे पोचवले, पोरांना गाणी शिकवली, मयताच्या घरी सगळ्यांत आधी चहाची किटली नेली, की तिच्या माघारी आपण एकच वाक्य बोलतो, ‘फार सेवाभावी होती हो!’ मग दोन मिनिटं शांत उभं राहायचं, फोटोला हार घालायचा आणि घरी जायचं. वाक्य खोटं नसतं. पण तेवढ्यानं भागत नाही. तिनं नेमकं काय काय केलं, कुणासाठी केलं, रिक्षाचे पैसे कुणी दिले, तिला कधी थकवा आला का, आणि आता तिच्या जागी ते कोण करणार? यातलं काहीच त्या वाक्यात नसतं.

मैत्रिणींनो, आज मला अशाच एका बाईबद्दल लिहायचं आहे. नाव सांगत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना ते आवडणार नाही. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो, तेच इथे चालू ठेवते.

आमचं अंबरनाथ म्हटलं की लोकांना शके ९८२ चं, म्हणजे सन १०६० मधलं शिवमंदिर आठवतं. पण या गावात माणसं आली ती पोटासाठी. कुणी काड्यापेटीच्या विमको कारखान्यासाठी, कुणी ऑर्डनन्स फॅक्टरीसाठी, कुणी एमआयडीसीतल्या छोट्या-मोठ्या कंपन्यांसाठी. कोकणातले, खानदेशातले, देशावरचे, केरळचे, तमिळनाडूचे. फाळणीनंतर सिंधी मंडळी शेजारच्या उल्हासनगरात आली. जो तो आपापला देव घेऊन आला. त्यात ख्रिस्ती माणसंही आली. केरळहून येऊन इथल्या पट्ट्यात स्थिरावलेले सिरो-मलबार ख्रिस्ती इतके होते, की त्यांच्यासाठी १९८८ मध्ये कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत करावा लागला. मराठी ख्रिस्ती कुटुंबं आली ती बरीचशी नगर-जालन्याकडून. मावशी त्यांतल्याच. माहेर नगर जिल्ह्यातलं, आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. लग्न होऊन अंबरनाथ पूर्वेला आल्या, चाळीत संसार केला, पुढे चाळ पाडून इमारत झाली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मी हिंदू घरातली, पण आमचे दरवाजे समोरासमोर. दिवाळीचा फराळ इकडून तिकडे आणि नाताळच्या करंज्या तिकडून इकडे, असा आमचा तीसेक वर्षांचा व्यवहार.

मावशी चर्चमध्ये नोकरीला नव्हत्या. कमिटीवरही नव्हत्या. पण रविवारी सकाळी उपासनेच्या आधी तासभर जाऊन दारं-खिडक्या उघडणाऱ्या त्याच. सतरंज्या घालणाऱ्या, फुलदाणीतलं पाणी बदलणाऱ्या त्याच. मुलांची संडे स्कूल त्यांनी वीस वर्षांहून जास्त चालवली. नाताळच्या नाटकात देवदूतांचे पंख दरवर्षी जुन्या साड्यांच्या फॉल आणि पुठ्ठ्यातून तयार व्हायचे, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. दरवर्षी नवे, कारण पोरं ते मोडून टाकायची.

हे झालं दिसणारं काम. न दिसणारं त्याच्या चौपट होतं. मंडळीतलं कुणी दवाखान्यात ॲडमिट झालं, की दुपारच्या लोकलनं नाहीतर शेअर रिक्षानं मावशी निघाल्या. हातात पेजेचा डबा. बाई वारली तर तिला आंघोळ घालून साडी नेसवायला मावशी. मातीला जाऊन आल्यावर त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकरी घेऊन जाणाऱ्या मावशी. नवरा दारू पिऊन मारतो म्हणून एखादी पोर रात्री दहाला दार वाजवायची, तीही मावशींचंच.

२६ जुलै २००५ चा पाऊस आपल्याकडे कोण विसरेल? उल्हास आणि वालधुनी दोन्ही फुगल्या, बदलापूर-उल्हासनगर-कल्याणात घरंच्या घरं पाण्यात गेली. आमची इमारत थोडी उंचावर, म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी मावशींनी मोठा टोप काढला आणि खिचडी रांधायला घेतली. आम्ही चौघी-पाचजणी तांदूळ निवडायला बसलो. त्यांनी शाळेच्या शंभरपानी वहीत लिहून ठेवलं होतं, कुठल्या घरात तान्हं मूल आहे, कुठं दूध लागेल, कुठं म्हातारं माणूस एकटं आहे. त्या यादीत जोसेफही होते, जाधवही होते, शेखही होते. कुणाचा धर्म विचारलेला मी ऐकला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, देवळं-मशिदी-चर्च सगळं बंद. मावशींनी तेव्हा साठी ओलांडली होती. बाहेर पडायची सोय नव्हती. मग रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून त्या फोन घेऊन बसायच्या. ‘जेवलात का? गोळी घेतली का? मुलाचा फोन आला का?’ रोज पंधरा-वीस घरं. मला सगळं ऐकू यायचं. फोनच्या शेवटी एक छोटी प्रार्थना. काही जणांना प्रार्थनेपेक्षा त्या आधीच्या तीन प्रश्नांची जास्त गरज होती, हे मावशींना पक्कं माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मावशी गेल्या. झोपेतच गेल्या. लोक म्हणाले, भाग्यवान.

आणि त्यानंतर जे झालं, त्यासाठी हा सगळा लेखनप्रपंच.

मावशींच्या यादीत एक आजी होत्या. एकट्या राहायच्या, डोळ्यांनी कमी दिसायचं, साखर आणि बीपी दोन्ही. दर महिन्याला त्यांच्या गोळ्या आणायचं काम मावशींचं. किती वर्षं, कुणालाच माहीत नाही. मावशी गेल्या, आजींच्या गोळ्या संपल्या. आजींना वाटलं, कुणीतरी येईल. मंडळीतल्या लोकांना वाटलं, आजींचं काय, त्या ठीकच असतील. कुणी मुद्दाम दुर्लक्ष केलं असं नाही. माहीतच नव्हतं! तीन आठवड्यांनी शेजारणीला आजी मोरीत पडलेल्या सापडल्या. वाचल्या, पण त्यानंतर चालणं गेलं ते गेलंच.

सांगा, यात दोष कुणाचा? मावशींचा? त्यांनी तर मरेपर्यंत केलं. आजींचा? त्यांनी कुणाला फोन करायचा? मला विचाराल, तर दोष त्या एका वाक्याचा आहे. ‘मावशी आहेत ना!’ या वाक्यावर आपण अख्ख्या संस्था चालवतो. मावशी आहेत ना, म्हणून यादी ठेवायची नाही. मावशी आहेत ना, म्हणून दुसरं माणूस तयार करायचं नाही. मावशी आहेत ना, म्हणून खर्चाची तरतूद नाही. मग एक दिवस मावशी नसतात.

चर्चच्या हॉलमध्ये स्मरणसभा झाली, मीही गेले होते. पाळकसाहेब बोलले, मनापासून बोलले. मग कमिटीतले चारजण बोलले. सगळे पुरुष. कुणी देवाची दासी म्हटलं, कुणी देवदूत म्हटलं. शेवटी त्यांच्या लेकीला विचारलं, दोन शब्द बोलतेस का? ती उभी राहिली. म्हणाली, ‘तुम्ही आईला देवदूत म्हणता. देवदूताचे गुडघे दुखत नाहीत. माझ्या आईचे दुखायचे. ऑपरेशन तिनं तीनदा पुढं ढकललं. एकदा नाताळ म्हणून, एकदा उपवासकाळ म्हणून, एकदा कुणाची तरी बायको अडली होती म्हणून. तुमच्यापैकी एकानं जरी म्हटलं असतं, की बाई, यंदा आम्ही बघतो, तुम्ही दवाखान्यात जा, तर?’ एवढं बोलून ती खाली बसली. हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता, दुसरा काही नाही.

बाहेर पडताना एक ज्येष्ठ गृहस्थ मला म्हणाले, ‘पोर दुःखात आहे. पण सेवा मोजायची नसते. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असं आमच्या शास्त्रातच आहे.’

गृहस्थ सज्जन आहेत, त्यांच्याशी मी वाद घातला नाही. पण तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यात फिरतं आहे. आपल्याकडेही हेच सांगतात, गुप्तदान श्रेष्ठ. मान्य. पण हा नियम कुणासाठी आहे? देणाऱ्यासाठी. देणाऱ्यानं मिरवू नये. घेणाऱ्यानं आणि बघणाऱ्यानं विसरून जावं, असं कुठे म्हटलंय? मावशींनी आपल्या कामाचा डंका पिटला नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण त्यांच्या कामाची नोंद आपण ठेवली नाही, हा आपला मोठेपणा होत नाही. एकाच्या नम्रतेआड दुसऱ्याचा आळस लपवायचा, याला सेवाभाव म्हणत नाहीत.

शास्त्राचंच म्हणाल, तर मावशींमुळे मीही थोडंफार ऐकून आहे. बायबलमध्ये टबीथा नावाच्या एका बाईची गोष्ट आहे. यापो गावची. गोरगरीब विधवांसाठी कपडे शिवायची. ती वारली, तेव्हा त्या विधवा रडत रडत पेत्राला तिनं शिवलेले अंगरखे नि वस्त्रं दाखवतात. म्हणजे बघा, त्या बायकांनी तिची थोरवी नुसती शब्दांनी सांगितली नाही. तिचं काम हातात धरून दाखवलं. आणि पौलानं रोमच्या मंडळीला जे पत्र लिहिलं, त्याच्या शेवटच्या अध्यायात फीबी, प्रिस्किल्ला, मरीया अशा बायकांची नावं घेऊन, त्यांनी काय काय श्रम केले ते लिहून, त्यांना सलाम सांगितला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मंडळीत बायकांच्या कष्टाची नावानिशी नोंद झाली. मग अंबरनाथच्या मंडळीच्या अहवालात ती का होऊ नये? अहवालात मंडपाचा खर्च असतो, साउंड सिस्टीमचा असतो. मावशींच्या वीस वर्षांच्या रिक्षाभाड्याची एक ओळ मात्र नसते, कारण ते त्या घरखर्चातून द्यायच्या.

आपल्या महाराष्ट्रात या बाबतीत एक मोठं उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पत्नी, असं पुष्कळ दिवस लोक सांगत. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेली, सोवळ्याओवळ्याच्या कडक घरात वाढलेली, लहानपणीच लग्न झालेली मुलगी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नवऱ्यानं १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या हादरून गेल्या. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पंढरपूरला नणंदेकडे राहिल्या. पुढे जातपात माणसानं केलेली आहे, हे त्यांचं त्यांना पटलं आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवरा घेईल तो धर्म आपला, असं न म्हणता पाच वर्षं विचार करून घेतला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्यानंतर त्यांनी जे केलं, ते अगदी आमच्या मावशींसारखं. घर म्हणजे धर्मशाळा. टिळक कुणालाही घरी घेऊन येणार, हातातले पैसे कुणालाही देऊन टाकणार, आणि येणाऱ्याच्या ताटात काय वाढायचं, ही चिंता बाईंची. अनाथ पोरं सांभाळली. नगरला प्लेग आला तेव्हा लोक आपल्या सख्ख्यांना सोडून पळत होते, त्या वेळी रोग्यांची शुश्रूषा केली. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य मोजक्या अध्यायांवर थांबलं होतं. ते पुढं लिहिलं कुणी? लक्ष्मीबाईंनी. थोडेथोडके नाही, चौसष्ट अध्याय.

पण आज आपण त्यांना ओळखतो ते ‘स्मृतिचित्रे’मुळे. १९३४ ते १९३६ या काळात हे आत्मचरित्र भागाभागांनी निघालं आणि मराठी भाषेचा तो दागिना ठरला. विजया मेहतांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला, इंग्रजीत भाषांतरं झाली, २०१७ मध्ये शांता गोखल्यांनी पुन्हा नव्यानं केलं. आता मला सांगा, समजा ही बाई लिहिती झालीच नसती तर? प्लेगमध्ये कुणी शुश्रूषा केली, पाहुण्यांना कुणी वाढलं, तऱ्हेवाईक नवऱ्याचा संसार कुणी ओढला, हे कुणाला कळलं असतं? टिळकांच्या चरित्रात ‘त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली’ एवढी ओळ आली असती, झालं. लक्ष्मीबाईंचं नाव राहिलं, कारण त्यांनी स्वतःच ते लिहून ठेवलं. आणि काय लिहिलं! स्वतःला हसून, नवऱ्याला हसून, देवदूत वगैरे होण्याच्या भानगडीत न पडता.

सगळ्याच जणींना असं लिहिता येत नाही. लक्ष्मीबाईंच्या आधीपासून नगर, पुणे, मुंबई या भागांत ‘बायबल बाया’ हिंडत असत. घरोघर जाऊन बायकांना धर्माच्या गोष्टी सांगायच्या, अक्षर ओळख करून द्यायची, आजारपणात मदत करायची. त्यांच्यातल्या किती जणींची पूर्ण नावं आज आपल्याला सांगता येतील? नगरच्या सिंथिया फरार मडमेचं नाव राहिलं, कारण मिशनच्या कागदपत्रांत ते होतं आणि सावित्रीबाई फुले त्यांच्याकडे शिकवण्याचं शिक्षण घ्यायला गेल्या, हे इतिहासात नोंदलं गेलं. केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव घेतलं की पंडिता रमाबाई आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण दुष्काळातून आलेल्या शेकडो मुलींचं अंथरूण-पांघरूण, जेवणखाण बघणाऱ्या बायका होत्याच ना? कागदावर ज्याचं नाव, त्याची आठवण. बाकीच्या ‘फार सेवाभावी होत्या’.

आता काहीजण म्हणतील, जमाना बदलला, बायकांना पदं मिळायला लागली. हो, मिळताहेत. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये पुष्पललिता या पहिल्या महिला बिशप झाल्या. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ च्या जानेवारीत कॅथलिक चर्चमध्ये उपासनेत वाचन करण्याची आणि वेदीजवळ सेवा करण्याची अधिकृत जबाबदारी बायकांना खुली केली. गंमत बघा, वाचन तर बायका कितीतरी वर्षं करतच होत्या. फक्त कायद्यात ते ‘तात्पुरतं’ होतं. काम आधीपासून त्यांचंच, नाव मात्र २०२१ मध्ये लागलं! त्याच वर्षी मे महिन्यात मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्यांच्या कामालाही त्यांनी अधिकृत सेवापदाचा दर्जा दिला. आमच्या मावशींनी वीस वर्षं संडे स्कूल चालवली, त्यांचा पंथ वेगळा, पण ही बातमी मी त्यांना वाचून दाखवली होती. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘चला, पोरांचे पंख शिवणाऱ्यांचंही कुणीतरी बघतंय म्हणायचं.’

पण पद म्हणजे सगळं नाही, हेही खरं. पद दिलं आणि काम तेवढंच ठेवलं, तर बाईच्या डोक्यावर ओझं वाढतं, बाकी काही होत नाही. आपल्या ग्रामपंचायती-नगरपालिकांत सह्या बायकोच्या आणि कारभार नवऱ्याचा, हे आपण पाहिलंच आहे. मला पदापेक्षा आधी तीन साध्या गोष्टी हव्यात. माहिती, मदतनीस आणि मुभा.

माहिती म्हणजे, जी यादी एका बाईच्या डोक्यात आहे ती वहीत यायला हवी. कुणाला औषध लागतं, कुणाला सोबत लागते, कुणाचा मुलगा परदेशी आहे, कुणाच्या घराची दुसरी किल्ली कुठं आहे. ही वही दोघी-तिघींकडे असावी. त्यातल्या काही गोष्टी खासगी असतात, मान्य, मग विश्वासातल्या दोघीच निवडाव्यात. पण दोघी तरी हव्यातच.

मदतनीस म्हणजे, कुठलंही काम एकटीनं करायचं नाही, जोडीनं करायचं. एक जाणती, एक नवखी. जाणती आजारी पडली तर नवखी सांभाळेल, आणि चार वर्षांनी तीच जाणती होईल. अन् हो, त्या जोडीत पुरुष असला तरी चालतो बरं का! पेजेचा डबा पोचवायला बाईच लागते असं कुठल्याही धर्मग्रंथात लिहिलेलं नाही.

आणि मुभा म्हणजे, नाही म्हणायची मुभा. ‘यंदा मला जमणार नाही’ असं एखादी बाई म्हणाली, तर तिच्याकडे बघायची आपली नजर बदलते. तीच बाई वीस वर्षं राबली, हे त्या क्षणी आपण विसरतो. गुडघ्याचं ऑपरेशन नाताळपेक्षा महत्त्वाचं असू शकतं, हे तिला आपण सांगायला हवं. ती स्वतःहून सांगणार नाही. आपण बायकांनाच तसं वळण लावलं आहे लहानपणापासून. शेवटी जेवायचं, शेवटी झोपायचं, शेवटी दवाखान्यात जायचं.

पैशाचंही बोलते, भले कुणाला आवडो न आवडो. सेवेला पगार नको, हे मलाही पटतं. पगार आला की हिशेब येतो, हेवेदावे येतात. पण रिक्षाभाडं म्हणजे पगार नव्हे. फोनचं रिचार्ज म्हणजे पगार नव्हे. देवाच्या कामाला बाईनं भाजीच्या पैशांतून पदरमोड करायची आणि देवाच्या पेटीतले पैसे रोषणाईला जायचे, यात कुठल्या देवाला आनंद होत असेल?

हे सगळं मी एका चर्चच्या निमित्तानं लिहिते आहे, पण वाचणारीच्या मनात आत्तापर्यंत आपल्या गल्लीतली कुणीतरी उभी राहिली असेलच. भजनी मंडळाच्या पेटी-टाळांची देखभाल करणारी. गणपतीच्या अकरा दिवसांत प्रसादाच्या पातेल्यापाशीच दिसणारी. बुद्धविहारात वर्षावासाच्या कार्यक्रमाची सगळी तयारी करणारी. दर्ग्याच्या उरुसात पाण्याचे हंडे भरणारी. बचतगटाचे हप्ते घरोघर फिरून गोळा करणारी. धर्म वेगळे, पण ती बाई एकच. स्टेजवर ती नसते. फोटोत असलीच तर कडेला, पदर खोचलेली, अर्धी कापलेली.

मावशींच्या मंडळीनं एक गोष्ट केली, तीही सांगायला हवी, नाहीतर मी एकतर्फी लिहिते असं होईल. आजींच्या प्रकरणानंतर तिथल्या बायकांच्या मंडळात खूप बोलाचाली झाली. मग त्यांनी घरं वाटून घेतली. दोघींकडे आठ-दहा घरं, महिन्यातून दोनदा जायचं आणि वहीत लिहायचं. औषधांचं काम कॉलेजातल्या दोन मुलांनी अंगावर घेतलं. भाड्याचा खर्च आता चर्चच्या हिशेबात येतो. वाटून घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मावशी एकट्या जे करायच्या त्याला आता अकरा माणसं लागतात. अकरा! हा आकडा ऐकून त्या सभेत बोललेले एक साहेब बराच वेळ गप्प बसले, असं मला कळलं.

पहिल्या पानावर त्यांनी मावशींचं नाव लिहिलंय. खाली देवदूत वगैरे काही नाही. कामांची यादी आहे, एकाखाली एक. सतरंज्या, संडे स्कूल, पेज, गोळ्या, पिठलं-भाकरी, फोन. दोन पानं भरली आहेत. मला वाटतं, टबीथाच्या विधवांनी जे अंगरखे धरून दाखवले, तेच हे.

म्हणून एवढंच मागणं आहे. तुमच्या मंडळीत, मंडळात, आळीत जी कुणी अशी आहे, ती हयात असतानाच एखाद्या दुपारी तिच्याकडे जा. ‘फार सेवाभावी आहात हो’ असं मुळीच म्हणू नका. वही-पेन घेऊन बसा, नाहीतर मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि विचारा, ‘मावशी, तुम्ही काय काय करता ते सांगा. त्यातलं मी काय उचलू?’ ती आधी म्हणेल, छे गं, मी कुठं काय करते! तरी उठू नका. चहा घ्या, आणि परत विचारा.